सांगून निघायचे कोणी?

पुरुषाला रस्त्यावर यायला कारण लागत नाही, बाईला लागते. एवढे एकच विधान मला या लेखात करायचे आहे आणि त्याला साक्ष काढायची आहे ती इंदूरची. हे विधान कोणाला जुने वाटेल, कोणाला झोंबेल. कोणी म्हणेल, मुख्याध्यापकाने शाळेचा निकाल पाहावा, ही नसती उठाठेव कशाला? निकाल मी पाहतोच आहे. परंतु निकालपत्रकात ज्यांना रकाना नसतो अशाही काही गोष्टी शाळेत घडत असतात. पहाटेच्या मैदानावरून एकेक मुलगी कमी होत जाणे ही त्यांपैकी एक. तेव्हा वाचकहो, थोडे सबुरीने घ्या.

आमचा जळगाव जिल्हा महाराष्ट्राच्या काठावरचा. रावेर मागे टाकले की बऱ्हाणपूर, पुढे असीरगड, खंडवा, मोरटक्क्याला नर्मदा, मग सिमरोलचा घाट आणि इंदूर. या वाटेने आमच्याकडच्या कितीतरी लेकी सासरी गेल्या आणि तिकडच्या कितीतरी सुना होऊन इकडे आल्या. माझी थोरली बहीण त्यांतलीच. तिचे घर रामबागेत, म्हणजे इंदूरच्या जुन्या मराठी वस्तीत. २०२५ च्या दिवाळीच्या सुटीत मी आठ दिवस तिच्याकडे होतो आणि आठही दिवस पहाटे पळायला जात होतो.

पळणे हा शब्द जरा मोठाच झाला. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचे पळणे म्हणजे चालण्याहून थोडे अधिक आणि धापा टाकण्याहून थोडे कमी. गावी मी हे रोज करतो, आणि गावी त्याची किंमतही रोज मोजतो. दुधाचे कॅन सायकलला लावणारा हसून विचारतो, "काय सर, एस्टी चुकली काय?" पाणपट्टीची पावती कुठे मिळेल, मुलाचा दहावीचा अर्ज कधी भरायचा, असली चौकशी करणारे आडवे येतात. परगावी यांतले काहीच नाही. परगावी माणूस नुसता माणूस असतो, मुख्याध्यापक नसतो. मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेले आमचे निवृत्त स्नेही तिथल्या पहाटेचे जे गोडवे गातात, त्याचे खरे कारण तिथली हवा किंवा तिथले पदपथ हे नसून तिथे त्यांना कोणी ओळखत नाही हे असावे, अशी मला दाट शंका आहे. ज्यांनी इथे उभ्या जन्मात धोतराचा काष्टा खोवून चार पावले धाव घेतली नाही, ते गृहस्थ तिथे अर्ध्या चड्डीत तळ्याला फेऱ्या मारतात आणि छायाचित्रे पाठवतात! मारोत बापडे. मुद्दा तो नाही.

इंदूरची पहाट मात्र खरोखर पाहण्यासारखी. मध्यरात्र उलटेपर्यंत सराफ्यात खाणाऱ्यांची गर्दी असते, आणि पहाटे पाचला त्याच गल्लीत दोनाही बाजूंची सराफांची दुकाने कुलूपबंद, फरशी धुतल्यासारखी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या कागदांचा सडा पडला होता. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो नाहीसा! हे शहर स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे देशात पहिले आले (सातव्या वर्षी सुरतेबरोबर विभागून), ते काही उगीच नाही. मी रामबागेतून निघे, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी क्षणभर थांबे, पुलावरून राजवाड्याकडे वळे. सात मजल्यांच्या त्या दरवाजासमोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. तिथे एक फेरी मारून परत. वाटेत पोह्यांच्या पातेल्यावर वाफ धरू लागलेली असे, जिलबीच्या कढया तापत असत. आमच्या शहरातून असे पळायला मिळाले तर आयुष्य पाच वर्षांनी वाढेल, असे मी ताईला म्हणालोही. यावर ती म्हणाली, "आधी आंघोळ करून घे."

आता या रस्त्यावर मला बायका कोणत्या दिसल्या ते सांगतो. झाडू घेतलेल्या दिसल्या; आपण घराबाहेर पडतो तेव्हा त्यांचे अर्धे काम उरकलेले असते. फुलांची पाटी घेऊन देवळाकडे निघालेल्या दिसल्या. पोळ्या लाटायला जाणाऱ्या, पिशवी खांद्याला अडकवून झपझप चालणाऱ्या दिसल्या. दुधाची बरणी, पूजेची थाळी, पोराचे दप्तर यांपैकी काही ना काही प्रत्येकीच्या हातात होते. ज्यांच्या हातात काही नव्हते त्या दोघी-चौघींच्या गटाने बागेत, कुंपणाच्या आत, गोल गोल चालत होत्या. मोकळ्या हातांनी, एकटी, भर रस्त्यातून पळत निघालेली बाई आठ दिवसांत मला दिसली नाही. शहराच्या नव्या भागात त्या असतील, मैदानांवर असतील, दरवर्षी भरणाऱ्या मॅरेथॉनला तर असतातच. मी माझ्या वाटेवरचे सांगतो आहे.

पुरुषांचे काय? पुरुष पळत होते, चालत होते, कठड्यावर बसून दात घासत होते, नुसतेच उभे होते. नुसते उभे राहण्याचा अधिकार हा फार मोठा अधिकार आहे आणि आपल्याकडे तो जन्मतःच अर्ध्या लोकांना मिळतो.

त्या आठवड्यात इंदुरात महिलांच्या विश्वचषकाचे क्रिकेटचे सामने होते. होळकरांच्या नावाच्या मैदानावर १९ ऑक्टोबरला आपला संघ इंग्लंडकडून अवघ्या ४ धावांनी हरला होता, त्याची हळहळ घरोघर होती. इंदूरला क्रिकेट शिकवावे लागत नाही. सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांचा होळकर संघ चार वेळा रणजी करंडक जिंकलेला; म्हाताऱ्या मंडळींना आजही त्या नावांनी भरते येते. २३ ऑक्टोबरला भाऊबीज होती. त्या पहाटेही मी पळून आलो, ओवाळून घेतले, ताटात घालायचे ते घातले. त्याच सकाळी, अकराच्या सुमारास, याच शहरात ऑस्ट्रेलियाच्या संघातल्या दोन खेळाडू आपल्या हॉटेलातून पायी कॉफी प्यायला निघाल्या. खजराना रोडवर मोटारसायकलवरच्या एका इसमाने त्यांचा पाठलाग केला, त्यांच्याशी अंगचटीला गेला आणि पळाला. खजराना म्हणजे ज्याच्या गणपतीचे देऊळ अहिल्याबाईंनी उभारले असे सांगतात, तेच. खेळाडूंनी संघाच्या सुरक्षा अधिकाऱ्याला लगेच कळवले. रस्त्यावरच्या एका भल्या माणसाने गाडीचा क्रमांक टिपून ठेवला होता. तक्रार झाली, आरोपी पकडला गेला. पोलिसांनी काम चोख केले असे म्हणावे लागेल.

बातमी २५ तारखेला बाहेर आली. त्याच दिवशी त्याच संघाने त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेचा ९७ धावांत खुर्दा केला. अॅलाना किंगने १८ धावांत ७ बळी घेतले. खेळण्यात त्यांच्या काही कमी पडले नाही. कमी पडले ते आमच्या बोलण्यात. मध्य प्रदेशाचे एक ज्येष्ठ मंत्री, आणि ते इंदूरचेच, त्यांनी घटनेचा निषेध केला खरा. पण लगोलग अशा आशयाचे उद्गार काढले की खेळाडूंनीही यातून धडा घ्यावा, बाहेर पडताना प्रशासनाला किंवा सुरक्षारक्षकांना सांगून पडावे. त्यावर वृत्तपत्रांतून टीका झाली, विरोधकांनी पत्रके काढली, आणि नेहमीप्रमाणे चार दिवसांनी सगळे शांत झाले.

मला मंत्र्यांविषयी फारसे बोलायचे नाही. मंत्री बोलतात आणि विसरतात. मला बोलायचे आहे ते त्या दिवशी ताईच्या घरी चहाच्या वेळी झालेल्या बोलण्याविषयी, कारण तसे बोलणे त्या संध्याकाळी हजारो घरांतून झाले असणार. माझे भाऊजी सज्जन गृहस्थ. आयुष्यभर सरळमार्गी नोकरी केली, दोन्ही मुलींना एम. एस्सी. पर्यंत शिकवले. ते म्हणाले, "अहो सर, वाईट झालं, फार वाईट झालं. शहराची नाचक्की झाली. पण भाई, परक्या गावात आहात, तर सांगून निघायला काय जातं? काळजीपोटीच म्हणतो माणूस." त्यावर माहेरपणाला आलेली माझी भाची पटकन म्हणाली, "बाबा, मामा आठ दिवस अंधारात पळायला जातायत. तेही परक्या गावातच आहेत. कुठल्या ठाण्यात सांगून जातायत ते विचारा ना!"

भाऊजी हसले. मीही हसलो. भाची मात्र हसली नाही. ही मुलगी कॉलेजात असताना विद्यापीठाच्या स्पर्धेत पंधराशे मीटर पळालेली. आता नोकरी करते, लग्न झाले आहे, आणि पैसे भरून एका बंद खोलीत सरकत्या पट्ट्यावर, भिंतीकडे तोंड करून पळते. "का गं?" असे विचारल्यावर म्हणाली, "तिथे कोणी विचारत नाही, मामा." मला गावी विचारतात ते एस्टीचे. तिला विचारतात ते काय, हे मी विचारले नाही.

भाऊजींचा मुद्दा मी सोडून देत नाही. काळजी हा खरा शब्द आहे आणि बापाला ती असतेच. म्हणून त्यातले तर्कशास्त्र नीट तपासू. सांगून निघावे, ठीक. पण सांगायचे कोणाला? प्रशासनाला. म्हणजे लाखो लोकांच्या शहरात दोन प्रौढ स्त्रिया, ज्यांचा धंदाच मुळी पळण्याचा, फेकण्याचा आणि अंगमेहनतीचा आहे, त्यांनी अकरा वाजता कॉफी प्यायची असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवावे! बरे, त्यांनी कळवले असते तर काय झाले असते? पुढे एक गाडी, मागे एक गाडी, मध्ये या दोघी. म्हणजे रस्ता आहे तसाच राहिला असता; फक्त त्या दोघी रस्त्यावरून चालल्याच नसत्या. सांगून निघण्याचा अर्थ हा असा असतो. आज सांगून निघायचे, उद्या विचारून निघायचे, परवा निघायचेच नाही. आमच्या खेड्यांतून ही तीन पावले मी इतक्या घरांत पडलेली पाहिली आहेत की पहिले पाऊल ऐकले की तिसरे मला ऐकू येते.

आणि समजा, तो मोटारसायकलवाला. त्याला कोणी म्हणाले का, की बाबा रे, बाहेर पडताना सांगून पड? तुझ्या आईला, बापाला, गल्लीतल्या वडीलधाऱ्यांना विचार की मी रस्त्यावर जाऊ का, मला तिथे नीट वागता येईल का? असे कोणाच्या मनातही येत नाही. त्याच्याविषयी फक्त शिक्षेची भाषा होते, तीही पकडला गेल्यावर. धडा मात्र चालणाऱ्यांनी घ्यायचा. वर्गात एका पोराने दुसऱ्याच्या पाठीत गुद्दा घातला, तर ज्याला लागला त्याला "तू त्या बाकावर बसायला नको होतेस" असे सांगणारा शिक्षक आम्ही बी. एड.च्या पहिल्याच पाठात नापास केला असता.

कोणी म्हणेल, परदेशात असे होत नाही, हा आपल्या संस्कृतीचाच दोष. तेही खरे नव्हे. २०२२ च्या जानेवारीत आयर्लंडमधल्या टुलामोर गावी २३ वर्षांची एक प्राथमिक शिक्षिका शाळा सुटल्यावर, दुपारच्या वेळी, कालव्याच्या काठाने पळायला गेली आणि तिथे तिचा खून झाला. खुन्याला पुढच्या वर्षी जन्मठेप झाली. शिक्षिका होती, शाळा सुटल्यावर गेली होती, हे वाचून मला दोन दिवस चैन पडले नव्हते. त्या देशात गावोगावी लोक मेणबत्त्या घेऊन जमले. ती नुसती पळायला गेली होती, एवढेच त्यांच्या फलकांवर लिहिलेले होते. हे साधे वाक्य मला महत्त्वाचे वाटते, कारण त्यात बचाव नाही. ती आजारी आईचे औषध आणायला गेली होती, असे म्हणावे लागले नाही. पळायला गेली होती, बस्स.

आपल्याकडे मात्र औषधच लागते. आमच्या भागातले उदाहरण घ्या. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे अंधारात बायकांच्या झुंडी रस्त्याने निघतात. डोक्यावर भाकरीचे गाठोडे, कमरेला ओटी बांधलेली. केळीच्या बागांकडे, निंदणीला, कांदे लावायला तीन-चार कोस जातात. विंचूकाटा, रानडुक्कर, मद्यपी, सगळे त्या वाटेवर असते. आजवर गावातल्या एकाही शहाण्याने त्यांना म्हटले नाही की बायांनो, अंधार आहे, तहसीलदारांना सांगून निघा. कोणाच्या काळजीचा तेव्हा पत्ता नसतो! त्याच घरातली नात त्याच रस्त्याने, त्याच वेळी, मोकळ्या हातांनी, पायांत कॅनव्हासचे बूट घालून पळत निघाली की मात्र सगळ्या गावाच्या काळजीला पालवी फुटते. अंधार तोच, रस्ता तोच, विंचू तोच. फरक फक्त गाठोड्याचा. बाईच्या डोक्यावर, कमरेवर, हातात काहीतरी ओझे असले की तिचे रस्त्यावर असणे आपल्याला समजते. ओझे काढून घेतले की ती तिथे का आहे हे आपल्याला कळेनासे होते, आणि न कळणाऱ्या गोष्टीला आपण काळजी असे नाव देतो.

याचा उलटा पुरावाही माझ्यापाशी आहे, आणि तो फार बोलका आहे. गेल्या काही वर्षांत पोलीस भरतीच्या तयारीला आमच्याकडच्या मुली मोठ्या संख्येने लागल्या आहेत. मैदानी परीक्षेत मुलींना आठशे मीटर पळावे लागते. त्यासाठी गावोगावच्या मुली पहाटे डांबरी रस्त्यावर पळताना दिसतात, आणि बाप स्वतः मोटारसायकलवरून मागे असतो, हातात घड्याळ! ज्या बापाने आठवीतल्या मुलीला खो-खोच्या सरावाला पाठवले नाही, तोच हा बाप. मला या दृश्याचा आनंदच होतो, टिंगल करायची नाही. पण पाहा, इथे आठशे मीटरच्या शेवटी नोकरी आहे. म्हणजे ओझे आहेच, फक्त ते पुढे ठेवलेले आहे. भरती झाली की बूट सरकारी. नाही झाली, वय उलटले, लग्न ठरले, की बूट माळ्यावर. नोकरीसाठी पळणारी मुलगी गावाला चालते. पळावेसे वाटले म्हणून पळणारी मुलगी गावाला चालत नाही.

खेळाच्या इतिहासात ही अडवणूक किती जुनी आहे हे मराठी वाचकाला सांगायला हवे. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्यावर दोराबजी टाटांनी अनवाणी पळणारी खेड्यातली पोरे पाहिली, आणि त्यातून १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिम्पिकला हिंदी संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले आणि एकोणिसावे आले. पहिल्यांदाच परदेशात गेलेला, परक्या हवेत, परक्या रस्त्यावर पळणारा हा आपल्या मातीतला गडी. त्याचे आपण पुरेसे कौतुक केलेले नाही, पण ते पुन्हा कधीतरी. आपली पहिली महिला धावपटू ऑलिम्पिकला पोहोचली ती १९५२ साली, हेलसिंकीला: नीलिमा घोष आणि मेरी डिसूझा. मध्ये बत्तीस वर्षे गेली. तिकडे गोऱ्यांच्या देशात तरी काय होते? १९२८ मध्ये अॅमस्टरडॅमला बायका प्रथमच आठशे मीटर पळाल्या, शर्यतीनंतर काही दमून खाली बसल्या, एवढ्यावरून ती शर्यतच १९६० पर्यंत बंद ठेवली. पुरुष दमून बसतात तेव्हा शर्यत बंद करत नाहीत, पाणी देतात. १९६७ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर पळत असताना एका पदाधिकाऱ्याने धावत जाऊन तिच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढायचा प्रयत्न केला. ऑलिम्पिकमध्ये बायकांना मॅरेथॉन मिळाली ती १९८४ साली. या सगळ्या ठिकाणी अडवणाऱ्यांचा शब्द एकच होता. काळजी!

आणि आपल्याच परंपरेत याचे उत्तर आहे, हे आपण विसरतो. १९३५ साली याच इंदुरात मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांसाठी देशभर ज्यांचे नाव झाले ते हेच. त्यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, आणि ते मुलांसाठीच नव्हे. राजवाड्यात राणीसाहेबसुद्धा नमस्कार घालीत. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाला बाईने घाम गाळण्यात काही वावगे वाटत नव्हते. आज आपण संमेलनांत स्त्रीच्या वेदनेवर परिसंवाद ठेवतो. तिच्या पिंडऱ्यांवर कोणी बोलत नाही. माझी विनंती आहे की बोलावे.

अहिल्याबाईंचे तर काय सांगावे! २०२५ हे त्यांच्या जन्माचे त्रिशताब्दी वर्ष. ३१ मेला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्याआधी २० मेला त्या राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक मुद्दाम इंदूरच्या राजवाड्यात घेण्यात आली. घाटांची, देवळांची, न्यायाची आठवण झाली, भाषणे झाली. मल्हारराव आपल्या सुनेला तोफखान्याच्या कामावर धाडत असत, त्याची पत्रे इतिहासात आहेत. अठराव्या शतकातला तो सासरा सुनेला तोफा घेऊन पाठवतो, आणि आपण, त्रिशताब्दी साजरी करणारे, दोन पाहुण्यांना कॉफीला निघताना चिठ्ठी लिहून ठेवायला सांगतो. पुतळ्याला हार घालणे सोपे असते, कारण पुतळा चालत नाही.

पुढचे आमच्या गावातले आहे. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, पहिल्यांदाच. सांगलीच्या स्मृती मानधनाचे फोटो आमच्या चौकातही लागले. फटाके वाजले, पेढे वाटले गेले. आमच्या शालेय समितीतल्या एका प्रतिष्ठित सदस्यांनी मला रात्री साडेबाराला फोन केला: "सर, आपल्या शाळेतून एक तरी अशी निघाली पाहिजे!" मी म्हटले, निघेल. दीड महिन्याने, थंडीच्या दिवसांत, हेच सदस्य बैठकीत एक ठराव घेऊन आले. पहाटेच्या सरावाला येणाऱ्या मुलींच्या पालकांकडून संमतिपत्र लिहून घ्यावे. वाटेत काही झाले तर शाळा जबाबदार नाही. इंदूरचा दाखला देण्यात आला! "बघा ना, त्या तर परदेशी खेळाडू, त्यांनासुद्धा..." असे म्हणून वाक्य अर्धे सोडण्यात आले. खजराना रोडवरच्या त्या इसमाचे हात किती लांब असतात पाहा. तीनशे किलोमीटरच्या आसपास, सातपुड्याच्या अलीकडे, नववीतल्या पोरीच्या बुटापर्यंत पोहोचतात.

मी विचारले, मुलांचे काय? मुलांकडूनही संमतिपत्र घ्यायचे का? समितीत हशा पिकला. मुलांचे कशाला? मी म्हटले, मग मुलींचेही नाही. ठराव मताला टाकला गेला नाही, पण बोलणे गावभर झाले, आणि आठवड्याभरात मैदानावरच्या मुली निम्म्या झाल्या. कोणी भांडले नाही, कोणी तक्रार केली नाही. एकीच्या आईला बरे नव्हते, दुसरीला शिकवणी लागली, तिसरीचे गुडघे दुखू लागले. ही तिसरी चौदा वर्षांची आहे आणि तिच्याइतके हलके पाऊल मी अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेले नाही. तिच्या गुडघ्यांना काही झालेले नाही. तिचे वडील माझ्याशी फार आदराने बोलतात, म्हणाले, "सर, तुम्ही म्हणता ते पटतं. पण बोलणारे तुम्हाला बोलत नाहीत, आम्हाला बोलतात." यावर मी काय उत्तर देणार? हे खरेच आहे. साताऱ्याच्या दुष्काळी माणमधून आलेली ललिता बाबर २०१६ साली रिओला अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली, नाशिकच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली आशियाई स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आली, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली. पदके दुसऱ्यांच्या मुलींची असतात आणि बोलणी आपल्या मुलीला बसतात, हा त्यांचा हिशेब मला सोडवता आलेला नाही.

म्हणून मी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली आहे. पहाटे शाळेच्या रस्त्यावर, कल्व्हर्टवर, बंद टपरीच्या फळीवर जी पोरे बसलेली असतात, ती कोण आहेत? ती आकाशातून पडलेली नाहीत. निम्मी माझीच आहेत. या वर्षीची, गेल्या वर्षीची. मी त्यांना एकेक करून बोलावले. ओरडलो नाही. फक्त विचारले, तिथे का बसतोस? कोणाला सांगून बसतोस? घरी माहीत आहे का? या प्रश्नाचा त्यांना जो धक्का बसला तो पाहण्यासारखा होता. जन्मात कोणी त्यांना हे विचारले नव्हते. काहींच्या आयांना बोलावले, बापांना मुद्दाम बोलावले. एक बाप रागावून म्हणाला, "रस्ता काय शाळेच्या मालकीचा आहे?" नाही, आणि तुमच्या मुलाच्या मालकीचाही नाही, असे मी त्यांना सांगितले. ग्रामपंचायतीला पत्र दिले आहे की मैदानापर्यंतच्या रस्त्यावरचे जे दिवे बंद आहेत ते लावावेत. ठाणेदारांना भेटून विनंती केली आहे की पहाटेची गस्त त्या रस्त्याने फिरवावी. ते म्हणाले, माणूस कमी आहे. मी म्हटले, आठवड्यातून दोनदा फिरवा, दिवस सांगू नका.

समितीतल्या त्या सदस्यांना हा लेख आवडणार नाही, याची मला कल्पना आहे. त्यांनी संमतिपत्राचा विषय पुढच्या बैठकीवर पुन्हा ठेवला असल्याचे कळते. माझे मत तेव्हाही हेच राहील, आणि ते इतिवृत्तात शब्दशः नोंदवावे असा माझा आग्रह राहील. तोवर, दिवाळीची सुटी संपून शाळा उघडेल त्या दिवसापासून मैदानाचे फाटक पहाटे साडेपाचला उघडेल. किल्ली माझ्याकडे आहे. कोणाकडूनही चिठ्ठी मागितली जाणार नाही.